देवमनच्या वावरातली सकाळ

बुधाजी अमरावतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. चिखलदऱ्याचा घाट उतरून आलेल्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात त्यांची सारी नोकरी सरली, पण तो घाट ते स्वतः कधी चढले नव्हते. निवृत्त झाले त्या साली सप्टेंबरात एक दिवस त्यांनी बायकोला म्हटलं, "चाल, एकदा वर जाऊन पाहू."

दुर्गाबाईंनी दशम्या बांधल्या आणि दोघं निघाली.

सुट्ट्या जोडून आल्या होत्या, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. चिखलदऱ्यात नागपूरच्या, अकोल्याच्या गाड्यांची रांग लागलेली. लॉजवर जागा नव्हती आणि जिथं होती तिथलं भाडं ऐकून दुर्गाबाई पायरीवरूनच माघारी फिरल्या. शेवटी एका पानठेलेवाल्यानं सांगितलं, की गावाबाहेर देवमन नावाच्या माणसानं वावरात तंबू टाकलेत, स्वस्तात होते सोय.

जीपनं तिथं पोचेपर्यंत धुकं इतकं दाटलं, की हातभर अंतरावरचं दिसेना. देवमन आवाज देत पुढं चालला आणि हे दोघं त्याच्या आवाजामागं. प्लॅस्टिकवर उभे केलेले चारदोन तंबू, टिनाच्या पत्र्याचं न्हाणीघर, बाजूला चूल. देवमननं एवढंच बजावलं, "चुना मारलेले गोटे दिसतीन. त्याच्या पलीकडे पाय टाकू नका, जी."

"काहून? पलीकडे काय हाये?" बुधाजींनी विचारलं.

"सकाळी दिसन."

बेसन-भाकर चांगली झाली होती, ते दुर्गाबाईंनी मान्य केलं. पण तंबूत वाकून शिरताना त्यांचा पारा चढला. "चांगलं पक्कं घर सोडून पालात झोपाले आणलं मले. लोक काय म्हणतीन?"

"इथं कोण हाये पाहाले? धुक्यात आपण आपल्यालेच दिसून नाही राहिलो."

दुर्गाबाई लुगड्याचा पदर कानाभोवती घट्ट घेऊन निजल्या.

उजाडताना त्यांनाच आधी जाग आली. तंबूचं कापड पिवळसर दिसत होतं. चेन सरकवून त्या बाहेर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं हलक्या आवाजात त्यांनी हाक मारली, "अवो. बाहेर या."

वावर चुन्याच्या गोट्यांपाशी संपत होतं. त्यापुढं जमीनच नव्हती. दरी होती आणि ती काठोकाठ ढगांनी भरली होती. पिंजून ठेवलेल्या कापसासारखे पांढरे ढग, थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत. वर आभाळ स्वच्छ, निळं. त्या ढगांना आवाज नव्हता. दुर्गाबाईंनी आयुष्यभर ढग मान वर करून पाहिले होते. आज ते पायांखाली होते.

दोघं गोट्यांच्या अलीकडे येऊन थांबली. तेवढ्यात मागून सूर्य वर आला आणि समोरच्या ढगावर दोन सावल्या पडल्या. लांबच लांब, माणसाच्या आकाराच्या.

"आपल्याच हायेत," बुधाजी म्हणाले.

मग दुर्गाबाईंनी त्यांचा हात धरला. त्यांच्या स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती एक गोल कडं उमटलं होतं. आत पिवळं, बाहेर लाल, कडेला किंचित निळं. विहारातल्या तसबिरीत भगवंताच्या डोक्यामागं असतं, तसं. त्या घाबरल्या. दोन पावलं बाजूला सरकल्या, तर कडंही सरकलं.

"हे काय झालं मले? माह्या डोक्यामागं कसं आलं हे?"

"तुह्या नाही," बुधाजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "माह्या डोक्यामागं हाये."

"तुमच्या मागं काहीच नाही. सादी सावली हाये."

"तुहीबी सादीच दिसते मले."

त्यांनी जागा बदलून पाहिली. जवळ जवळ उभं राहून पाहिलं. ज्याचं कडं त्यालाच दिसे. दुसऱ्याची सावली शेजारी नुसती काळी. दुर्गाबाईंनी नकळत हात जोडले. समोर ढगातल्या त्या भल्या मोठ्या बाईनंही, प्रकाशाच्या कड्यातून, त्यांच्याकडे बघत हात जोडले. त्यांनी पटकन हात खाली घेतले.

"मी मलेच जयभीम घालून राहिली का?"

"घाल," बुधाजी म्हणाले. "स्वतःले कधी घातला होता?"

त्या हसल्या नाहीत. पुन्हा हात जोडले आणि या वेळी जोडलेलेच ठेवले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग वारा सुटला. ढग फाटत गेला, खाली हिरवं जंगल आणि ओढ्याची चकाकी दिसली, सावल्या विरल्या. मागं देवमन चहाची किटली घेऊन कधीचा उभा होता.

"उद्याबी दिसन का?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"सांगता नाही येत, माय. कधी पुरा मोसम नाही दिसत."

बुधाजींच्या मनात पॉइंट पाहून दुपारच्या गाडीनं परतायचं होतं. दुर्गाबाई म्हणाल्या, "पॉइंट राहू द्या. आजची रात बी इथंच झोपू."

दुसऱ्या सकाळी नुसतं धुकं होतं. तरी दोघं गोट्यांजवळ बसून राहिली, शाल एकच, दोघांच्या खांद्यांवर. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

"काल तुमच्या मागं होतं म्हणता," दुर्गाबाई म्हणाल्या, "कोणत्या रंगाचं होतं?"

बुधाजी सांगू लागले. त्या धुक्याकडे बघत ऐकत राहिल्या.