पहिल्या गठ्ठ्याआधीची गोळी

सकाळी आठच्या ठोक्याला मास्तर कापणीच्या टेबलाचा खण किल्लीनं उघडत, त्यातून दोन गोळ्या काढत आणि बायकोच्या तळहातावर ठेवत. एक साखरेची, एक दुखण्याची. "घे आणि बस मशीनवर," एवढंच बोलत. बाई घोटभर पाण्याबरोबर गोळ्या गिळत आणि खिडकीजवळच्या पहिल्या मशीनवर जाऊन बसत. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाटे, काय हो हा नवरा! एवढ्या कामाच्या धबडग्यात बायकोचं औषध एक दिवस चुकवत नाही. पण बाईंनी गोळीआधी काही खाल्लं का, हे त्या कौतुक करणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही.

खाल्लेलं नसे. कारण त्या शिलाईच्या कारखान्यात मास्तरांच्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता आणि मास्तरांनी तो जिवापाड जपला होता. दिवसाचा पहिला गठ्ठा, म्हणजे पंचवीस सदरे, शिवून बांधल्याशिवाय मशीनवरच्या कुणाच्या पोटात अन्न जायचं नाही. पोट भरलं की हात जड होतात, असं म्हातारबुवांचं म्हणणं होतं. रोजावर येणाऱ्या चौघी जणी घरून खाऊन येत आणि तोंड पुसून उपाशी असल्याचा आव आणत. घरातल्या दोघींना, बाईंना आणि काजबटणाच्या मशीनवर बसणाऱ्या त्यांच्या सुनेला, ती सोय नव्हती. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आणि जिना मास्तरांच्या नजरेसमोर. मास्तर स्वतः मात्र साडेसातला चहा-पाव उरकूनच खाली उतरत. त्यांचा मुलगा इस्त्री करी. इस्त्रीलाही नियम लागू नव्हता.

नियम मोडणाऱ्याला गज होता. कापड मोजायचा लाकडी गज, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवलेला. तो कापड कमी मोजे आणि बाईंची पाठ जास्त.

बाईंना साखरेचा आजार जडून नऊ वर्षं झाली होती. गेल्या दोन वर्षांत तो पायांत उतरला. दिवेलागण झाली की तळव्यांत निखारे भरल्यासारखी आग होई, मधूनच वीज चमकल्यासारखी कळ पोटरीपर्यंत जाई, चादर टेकली तरी जीव नकोसा होई. आणि ज्या पायांना चादर सोसवत नव्हती, त्यांना टोचलेलं मात्र कळत नव्हतं. चार महिन्यांमागे मशीनच्या सुईचा तुटका तुकडा त्यांच्या टाचेत दोन दिवस रुतून होता. सुनेला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा त्याचा पत्ता लागला. मास्तर कापड आणायला गेले होते. सुनेनं ती संधी साधली आणि सासूला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "साखरेनं पायांच्या नसा खराब झाल्यात," त्यांनी सांगितलं. "त्यासाठी ही वेगळी गोळी देते, रात्री झोपताना. आधी थोडी, मग हळूहळू वाढवू. सुरुवातीला गुंगी येईल, तोल जाईल. फार त्रास झाला तर मला येऊन सांगा, मनानं बंद करू नका. आणि दुकानातनं साध्या दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खात बसू नका. नसांच्या दुखण्यावर त्या फारशा चालत नाहीत, वर मूत्रपिंडं खराब करतात. मूत्रपिंडं थकली की तुमची साखरेची गोळी अंगात साठत जाते आणि साखर नको तितकी खाली जाते."

मग त्या सुनेकडे वळल्या. "साखरेची गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. आणि कधी घाम फुटला, थरथर सुटली, भलतंसलतं बोलायला लागल्या, तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातनं पाजायची. शुद्धीत असतील, गिळता येत असेल तरच. आणि लगेच इकडे आणायचं."

तिसऱ्या दिवशी बाईंना मशीनवर डुलकी लागली. मास्तरांनी गोळ्यांची पाकिटं हुडकून काढली, गटारात फेकली आणि गजानं बाईंच्या पोटऱ्या फोडल्या. "झोपेच्या गोळ्या खातेस? ऑर्डरीच्या दिवसांत?" संध्याकाळी त्यांनी औषधाच्या दुकानातून अंगदुखीच्या लाल गोळ्या आणल्या. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. ओळखीचं गिऱ्हाईक, कशाला मागेल? दिवसाला तीन, असं मास्तरांनीच ठरवलं आणि सगळी औषधं खणात घालून किल्ली खिशात टाकली. ते स्वतःला मापाचा माणूस म्हणवत. त्यांच्या मते हेही मापच होतं.

सुनेनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "बाबांच्या मध्ये कोण पडणार? आईलाच सवय झालीय आता." सून गप्प बसली. चार महिने गप्प बसली, आणि ते तिला पुढे आयुष्यभर खात राहिलं.

त्या दिवशी शाळा उघडायला आठवडा उरला होता. मास्तरांनी गोळ्या दिल्या आणि जाहीर केलं, "आज पहिला गठ्ठा पन्नासाचा."

मशीनं धडधडू लागली. साडेनऊला बाईंनी एक कॉलर उलटी लावली. मास्तर आले, कॉलर उचलून पाहिली आणि बाईंच्या कानशिलात अशी भडकावली की त्यांचा चष्मा उडून दोऱ्याच्या रिळांत पडला. बाईंनी चष्मा शोधला, घातला, कॉलर उसवायला घेतली. शेजारच्या मशीनवरचीनं मान आणखी खाली घातली. रस्त्यापलीकडच्या घरातल्या रेडिओचा आवाज वाढला. गज किंवा हात चालला की तो नेहमीच वाढे.

अकराच्या सुमारास शाळेचा खरेदी कारकून माल बघायला आला. तोवर बाईंच्या कपाळावर घामाचे ओघळ लागले होते. हात थरथरत होते. त्यांनी एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या शिवून बंद करून टाकल्या आणि तो सदरा वर धरून लहान मुलीसारख्या खिदळल्या. "बघा, हातच जाणार नाही आत!"

कारकूनही हसला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गिऱ्हाइकासमोर फजिती! त्यांनी गज उचलला आणि पहिला तडाखा बाईंच्या पाठीवर, दुसरा खांद्यावर घातला. एरवी बाई अंग चोरत. आज त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत ओळखच नव्हती. समोर नवरा आहे की चोर, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांचा हात कापणीच्या टेबलाकडे गेला, मोठी कात्री हातात आली आणि तिच्या टोकानं मास्तरांचा दंड कोपरापर्यंत उभा फाडला.

रक्त शिवलेल्या गठ्ठ्यावर उडालं. मास्तर आधी ओरडले ते सदऱ्यांसाठी. "माल! अरे माल गेला!" मग त्यांनी डाव्या हातानं गज फिरवला. पितळी टोक बाईंच्या भुवईवर बसलं, कातडं फाटलं, बाई मशीनच्या कडेवर आदळून खाली आल्या. मास्तरांनी पडलेल्या बाईंना वर एक लाथही घातली. कारकून केव्हाच पसार झाला होता.

"वेड लागलंय हिला! धर, धर तिला!" मास्तर मुलावर खेकसले. मुलगा इस्त्री टाकून धावला. बापलेकांनी बाईंना खुर्चीवर कोंबलं आणि कापडाच्या पट्ट्यांनी त्यांचे हात खुर्चीच्या पाठीशी आवळले. बाई हिसके देत होत्या, असंबद्ध बरळत होत्या, ओठांतून लाळ गळत होती. गाठी मुलानं मारल्या.

सून काजबटणाच्या मशीनवरून उठली. घाम, थरथर, भलतं बोलणं. ती धावत जिना चढली आणि साखरेचा डबा, पाण्याचा पेला घेऊन उतरली.

मास्तर आडवे आले. "काय आहे हातात?"

"साखर. त्यांची साखर उतरलीय, बाबा. बाजूला व्हा."

"साखर? साखरेच्या रोग्याला साखर? मारतेस की काय तिला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्यासमोर सांगितलंय!"

नवरासुद्धा मध्ये पडला. "अगं, बाबा बरोबर बोलतायत. साखरेनंच तर हे सगळं झालंय."

"तुला काय ठाऊक? एक दिवस तरी गेलास का दवाखान्यात?" असं म्हणून तिनं त्याला ढकललं. तेवढ्यात मास्तरांचा गज तिच्या तोंडावर बसला. ओठ फुटला, पुढचा दात तुटून जिभेवर आला. तिनं तो थुंकला. पेला हातातून पडू दिला नाही. गज पुन्हा वर गेला.

तो खाली मात्र आला नाही. चार महिने, चार वर्षं, कोण जाणे किती दिवस मान खाली घालून बसलेल्या चौघींपैकी वयानं सगळ्यात मोठी असलेली जागची उठली आणि तिनं गज मागून धरला. मग दुसरी उठली. मग उरलेल्या दोघी. चौघींनी मिळून मास्तरांना कापडाच्या ठाणांवर पाडलं आणि एक जण सरळ त्यांच्या छातीवर बसली. तिनं त्यांना काय काय ऐकवलं, ते इथे छापण्याजोगं नाही.

सुनेनं सासूची हनुवटी धरली. "आई, ऐकू येतंय ना? गिळा. थोडंसं गिळा." पहिला घोट ओघळून गेला. दुसरा गळ्याखाली उतरला. सुनेच्या तोंडातलं रक्त पेल्यात ठिबकत होतं आणि ती थोडं थोडं पाजत होती. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

दहा-बारा मिनिटांनी बाईंचं थरथरणं ओसरलं. त्यांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं, मग आपल्या दंडांकडे.

"मला बांधलंय का ग?" त्यांनी हळूच विचारलं.

सुनेनं पट्ट्यांच्या गाठी सोडायला घेतल्या.

दवाखान्यात नेताना वाटेत त्यांची साखर पुन्हा घसरली. डॉक्टरीणबाईंनी ती रात्रभर शिरेतून साखर देऊन टिकवली. सकाळी त्या बाईंच्या खाटेशी बसल्या.

"तुमच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्याच्या खाली आलंय," त्या म्हणाल्या. "त्या लाल गोळ्यांनी मोठा घात केलाय. त्या आजपासून बंद. साखरेचं औषधही बदलते. नसांची गोळी पुन्हा देईन, पण मूत्रपिंडांना झेपेल एवढीच, अगदी थोडी. पाय रोज तपासायचे, तळव्यांना आरसा लावून. वेळेवर जेवायचं, आधी जेवण आणि मग औषध."

"पायाची आग जाईल का हो?"

"खोटं नाही सांगत. पूर्ण जाईलच असं नाही. निम्मी झाली तरी खूप झालं."

बाईंनी पायांवरची चादर बाजूला सारली. मग म्हणाल्या, "निम्मी झाली तरी चालेल. उरलेल्या निम्म्याचं मी बघते. मी आता त्या घरात परत जायची नाही."

सून पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. सुजलेल्या तोंडानं तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं सासूच्या पायांवर हात ठेवला, आणि मग सोसवणार नाही म्हणून लगेच काढून घेतला.

थोड्या वेळानं मुलगा आला. बापाच्या दंडाला एकोणीस टाके पडले होते, त्याच्या खाटेजवळून तो इकडे आला होता. पाठोपाठ नर्स एक कागद घेऊन आली. आदल्या दिवशी आईला दाखल करताना त्यानंच भरलेला, इजेच्या नोंदीचा. "यावर सही हवी," नर्स म्हणाली.

"वाचून दाखव," बाई मुलाला म्हणाल्या.

त्यानं वाचलं. भुवईवर जखम, पाठीवर वळ, बरगडीला मार. पुढे इजेचं कारण होतं. तिथे तो अडखळला. "जिन्यावरून पडून," तो पुटपुटला.

"खोड ते."

"आई, पोलीस येतील."

"येऊ देत."

"बाबांना नेतील. चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. इतकी वर्षं सोसलंस, आता थोडं..."

"इतकी वर्षं सोसलं म्हणूनच काल हिचा दात गेला," बाई म्हणाल्या. "खोड."

त्यानं खोडलं आणि वर 'मारहाण' असं लिहिलं. त्याचं अक्षर एवढं बारीक आलं की नर्सनं ते पुन्हा मोठ्या अक्षरात लिहायला लावलं.

"कोणी केली, तेही विचारलंय यात," तो म्हणाला.

"मग लिही की. मारणाऱ्याचं नाव लिही." बाई म्हणाल्या. "आणि त्याच्याखाली, बांधणाऱ्याचंही लिही."

मुलानं मान वर करून आईकडे पाहिलं, मग बायकोच्या सुजलेल्या ओठांकडे. त्या दोघींपैकी कुणीच त्याला घाई केली नाही आणि कुणी समजूतही घातली नाही. त्यानं बापाचं नाव लिहिलं. पेन बराच वेळ कागदावर टेकवून तो बसून राहिला. शेवटी त्यानं खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.

त्याखाली आणखी तीन ओळी कोऱ्या होत्या. चिठ्ठी न मागता गोळ्या देणाऱ्यानं, सदऱ्याच्या बाह्या बघून हसणाऱ्यानं आणि रेडिओचा आवाज वाढवणाऱ्यानं त्या आपल्यासाठी आहेत असं समजावं.