हात लावून बघणे

“ताई, पट्टा?” नीलेशने आकाशाकडे बघत विचारलं.

“हाय,” सुगंधा म्हणाली.

“चावी?”

“हाय.”

“मग झालं,” म्हणून नीलेशने आकाशाची तपासणी संपवली.

पाणबुड्यांचा एक नियम आहे. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराला हात लावून बघायचं. कमरेचा शिशाचा पट्टा ओढायचा, पाठीवरच्या सिलिंडरची चावी पुरती उघडली आहे का, ते फिरवून बघायचं. टोळीतल्या विनोदला तपासताना नीलेश बैलबाजारात आल्यासारखा तपासायचा. सुगंधाची मात्र तोंडी परीक्षा. ती टोळीत आली त्याच आठवड्यात सगळ्यांनी एकमताने तिला ताई करून टाकलं होतं. इतक्या पुरुषांत एक बाई म्हटल्यावर काहीतरी व्यवस्था लावायला नको? तेव्हापासून तिच्या डब्यातलं सुक्या जवळ्याचं कालवण सगळे हक्काने खायचे आणि तिची चावी कोणीच बघायचं नाही.

काम तारापूरच्या बाजूला, एका खासगी धक्क्याच्या खांबांवर चढलेली कालवं खरवडण्याचं. पाणी इतकं गढूळ, की खाली डोळे उघडे ठेवायचे ते निव्वळ सवयीने. म्हणून दोघांमध्ये दोरी. एक झटका म्हणजे ‘ठीक ना?’ उलट झटका आला तर ठीक. नाही आला, तर हातातलं टाकून त्या माणसाकडे जायचं. सुगंधाला हे बोलणं आवडायचं. खाली तिला कोणी ताई म्हणत नसे. तोंडात नळी असते.

त्या दिवशी सकाळी सिलिंडरमधली हवा बघताना तिने चावी जेमतेम उघडली आणि पुरती उघडायची राहून गेली. वर श्वास नीट येत होता. खांबाच्या बुडाशी गेल्यावर तो येईनासा झाला. दोरी धरून तिने नीलेशला गाठलं, अंधारात त्याचा हात पकडला आणि आपल्या पाठीमागे चावीकडे नेऊ लागली. वाटेत तो हात तिच्या छातीला लागला. चटका बसावा तसा नीलेशने तो ओढून घेतला. चांगल्या घरचा मुलगा.

सुगंधाने शिशाचा पट्टा सोडून दिला आणि एकटीच वर आली.

“म्हणूनच सांगत होतो,” ती खोकायची थांबल्यावर सुपरवायझर इंद्रजीत म्हणाले. ते साताऱ्याकडचे, त्यांना स्वतःला पोहता येत नसे. “बाईमाणसाचा दम कमी. उद्यापासून तुम्ही होडीवर. दोरी धरा.”

“दम नाय कमी, साहेब. चावी अर्धीच होती.”

“मग तपासली कोणी?”

नीलेश मास्कची काच पुसत होता. बराच वेळ पुसत होता. “मी इचारलेलं,” तो म्हणाला. “ताई हाय बोलली.”

हेही खरंच होतं. खाली ओढून घेतलेल्या हाताबद्दल त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

“बरं झालं,” पाम गावातल्या घरी आई म्हणाली. “आता केस तरी सुकं ऱ्हातील.”

केस सुके ठेवायचे म्हणून सुगंधा पोहायला शिकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जोडी मोडलेली. नीलेश एकटाच उतरणार होता आणि दोरीचं दुसरं टोक होडीवर, सुगंधाकडे.

“हात वर कर,” ती म्हणाली.

तिने पट्टा असा ओढला, की नीलेश टाचांवर उभा राहिला. छातीवरचे बंद एकेक करून खेचले. मागे जाऊन चावी फिरवून बघितली.

“नील्या, लाजतस काय रे?” विनोद खिंकाळला.

“असं बघतात,” सुगंधा हळूच म्हणाली.

“ताई...” नीलेश म्हणाला. मग नळी तोंडात घालून त्याने पाण्यात उडी घेतली.

विचारायचं काम होडीवरच्याचं. तिने झटका दिला, खालून उत्तर आलं. थोड्या वेळाने पुन्हा दिला, पुन्हा आलं. मग तिने काही न विचारताच खालून एक झटका आला.

खालून वर कोणी विचारत नसतं. होडीवरच्या माणसाला काय धाड भरणार?

“काय म्हणतोय?” चहा ओतता ओतता इंद्रजीतांनी विचारलं.

“इचारतोय, ठीक ना.”

“मग द्या की उत्तर.”

सुगंधाने दोरी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि हलवली नाही. खांबापाशी वर येणारे बुडबुडे थोडा वेळ जागच्या जागी फुटत राहिले. मग हळूहळू होडीकडे सरकू लागले.