मोहगावची बस

"साडेनऊची बस हाय, हेमंत. मामाले निरोप धाडला मी," नलिनीबाईंनी पिशवीत पुरणपोळ्यांचा डबा कोंबला.

"मी नाही जाऊन राहिलो, आई," हेमंत खाटेवरून न उठता म्हणाला. "बावीस वर्षांचा झालो आता."

पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मधल्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड. ते झाड तोडून नेण्यासाठी थोड्या वेळात दोन्ही काठांवरून दगड सुटणार होते. गोटमारीच्या या खेळात दरवर्षी डोकी फुटायची आणि गाव ती वर्षभर मिरवायचं. नलिनीबाई शाळेत मास्तरीण. भांडू नका म्हणून पोरांना सांगण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, पण या दिवशी त्यांचं कोण ऐकतंय?

भीती दगडाची होतीच. तिच्या आड आणखी एक होती. सावरगावच्या कवडूची बायको बाळंतपणात गेली तेव्हा अकरा दिवसांचा हेमंत त्यांनी पदरात घेतला होता. सौंसरच्या कचेरीत दत्तकाचा रीतसर कागद झाला. त्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. पुढे नवरा, मोरेश्वरराव, वारले आणि सांगायचं राहूनच गेलं. कवडूचा थोरला मुलगा गुणवंता दरवर्षी पलीकडे पुढच्या रांगेत असायचा. हेमंतच्या हातचा दगड सख्ख्या भावाला लागला तर? म्हणून दरवर्षी या दिवशी मामाच्या गावची, मोहगावची बस.

"ऐक माह्यं," त्या म्हणाल्या. सांगितलं तर पोरगं हातचं जाईल, नाही सांगितलं तर पाप. "तिकडच्या काठावर तुहा भाऊ असते, बाबू. सख्खा."

हेमंत चपलांकडे पाहत राहिला. "ठाऊक हाय मले."

"कोणं सांगतलं?"

"गल्लीतली सारी पोरं नदीवर जायची अन् मी एकटा बसमध्ये. काहून, म्हणून मामाले धरलं एकदा. दहावीत होतो."

सहा वर्षं सगळं जाणून हा मुलगा मुकाट डबा घेऊन बसमध्ये चढत होता.

"मंग आज काहून?"

"आज तिकडचे सारे काठावर येतेत. एकदा त्यायले दुरून पाहायचं हाय. दगड नाही उचलत मी."

परत येशील ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांनी पेटीतून मोरेश्वररावांचा दुपट्टा काढला आणि त्याच्या डोक्याला घट्ट बांधला.

दुपारभर नदीकडून गलका येत होता. प्रत्येक गलक्याला त्या दारात यायच्या.

चार वाजता हेमंत आला. दुपट्टा रक्ताने भिजलेला होता.

"दिसले?"

"दिसले."

त्यांनी दुपट्टा सोडला. जखम डोक्याच्या मागे होती. अलीकडच्या काठावर येणारा दगड सावरगावकडचाच. म्हणजे तो लागला तेव्हा हेमंत नदीकडे पाठ करून घराकडे वळला होता.

त्यांनी जखमेवर हळद दाबली आणि रक्त थांबल्यावरही कितीतरी वेळ हात तसाच ठेवला.