दाराबाहेरचं स्टूल

इंग्रजी परिच्छेदावरच्या दहा प्रश्नांपैकी तिचे चार बरोबर. काल तीन होते. नर्सिंग कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला नऊ दिवस उरले होते, आणि वयाच्या अटीमुळे हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. इंग्रजीत अडकली, तर दवाखान्यात आया म्हणून जन्मभर चादरीच बदलायच्या. शब्द सगळे पाठ होते. तरी परिच्छेद संपला की पालथ्या घड्यावर पाणी.

पूर्वी समोर बाबा असायचे. बाबा शिंपी, इंग्रजीचं एक अक्षर येत नसे. ती परिच्छेद वाचून त्यांना मराठीत सांगायची. काज करता करता ते मध्येच विचारायचे, "थांब, हे कुठून आलं?" मग ती पुन्हा वाचायची.

एकदा अभ्यासाला आलेली मैत्रीण हसली, "परीक्षा तू देणारेस की बाबा?"

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बसाल का?"

बाबांनी सुई कॉलरला खोचली, स्टूल उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. महिन्याभराने ते झोपेतच गेले. स्टूल तिथेच राहिलं.

आज आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आत ये की."

"नको बाई, तुझं इंग्रजी चाललंय. मी आपली अडाणी."

तिने दाराबाहेरच्या स्टुलाकडे पाहिलं. "बाबांना वाईट वाटलं होतं का गं?"

"वाटलं असणार. पण म्हणाले, 'तिला म्हणावं, कुणाला तरी सांगत जा. ऐकणाऱ्याला कळलं नाही, तर सांगणारीचा टाका सुटलाय असं समजायचं.'"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझं दार बंद असायचं."

तिने स्टूल आत आणलं. "बस. पुलांविषयी आहे. उन्हाने लोखंड वाढतं, म्हणून मध्ये फट ठेवतात."

"आणि त्या फटीत चाक अडकत नाही?"

तिला ठाऊक नव्हतं. तिने पुन्हा वाचलं. उत्तर तिसऱ्या ओळीत होतं. तिथून तिची नजर नुसती घसरली होती. "दातेरी पट्ट्या बसवतात. एकमेकींत जाणाऱ्या."

"म्हणजे पँटच्या चेनसारखं. एवढं शिंप्याच्या बायकोला कळतं."

या वेळी दहापैकी सात बरोबर आले. ज्यांना सांगायचं, ते मात्र नव्हते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं एक स्टूल दाराबाहेर असतं. इंग्रजी जरूर शिकावं. पण ते न येणाऱ्याला बाहेर बसवून नव्हे. जे घरच्या माणसाला सांगता येत नाही, ते आपल्यालाही अजून आलेलं नसतं. आणि स्टूल आत आणायचं, ते माणूस आहे तोवर आणावं.