शालिकरामची कवळी

"हलू नका," डॉ. उत्तरा वझलवार म्हणाल्या आणि त्यांनी शालिकरामच्या पाठीवरची चिकटपट्टी ओढून काढली.

शालिकराम शर्ट मांडीवर घेऊन स्टुलावर बसला होता. त्याची बायको गोपिका पडद्याला धरून उभी होती. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, चर्मरोग विभागात त्या सकाळी गर्दी होती, तरी डॉक्टरीणबाई घाई करत नव्हत्या. कशाने त्रास होतो ते पाहायला दोन दिवसांपूर्वी त्यांनी पट्ट्यांखाली तीन वस्तू लावल्या होत्या, तिन्ही शालिकरामनेच कामावरून आणून दिलेल्या. कवळी बनवायची पावडर, ती भिजवायचं द्रव आणि तयार कवळी घासताना पडलेला भुगा.

"पावडरचं काही नाही. द्रवाच्या जागी फोड आलेत." मग त्यांनी तिसऱ्या जागेवर बोट फिरवलं. "आणि भुग्याच्या जागीही उठलंय. लाल, जाडसर."

"भुग्यानं?" शालिकरामने मान वळवली. "तो तं पक्का शिजलेला माल आहे, मॅडम."

"शिजलेल्यातही थोडं कच्चं राहतं. तुमच्या कातडीला तेवढं पुरतं."

सीताबर्डीवर डॉ. श्रीधर मुळमुळ्यांचा दातांचा दवाखाना होता. तिथल्या मागच्या खोलीत शालिकराम तरुणपणापासून कवळ्या बनवत आला होता. पावडरीत द्रव ओतायचं, कणकेसारखा गोळा मळायचा, पितळी डबीतल्या साच्यात दाबायचा आणि डबी उकळत्या पाण्यात सोडायची. गोळा उघड्या बोटांनीच मळत, सगळेच मळत. दोन वर्षांपूर्वी त्याची बोटं फाटायला लागली. आधी त्याने प्लास्टरला दोष दिला, मग साबणाला, मग थंडीला. आता बोटांच्या बेचक्यांतून पाणी गळत होतं आणि शर्टाची बटणं गोपिका लावून देत होती.

"हे काम सोडावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलमाने बरं वाटेल, पण पुन्हा हात लावलात की पुन्हा फुटेल. कातडी एकदा बिथरली की विसरत नाही."

 शालिकरामने दुखरा हात तोंडावर धरला आणि विचारलं, "आन् तोंडात?"

"तोंडात काय?"

"याइले दात बसवाचे आहेत," गोपिका पडद्याजवळून बोलली. "सारे काढून टाकले, पायरियानं. दुसऱ्याइच्या बत्तिश्या बनवते आन् सोता पेज पिऊन राहते. काहून नाई बनवत म्हनलं तं सांगत नाई."

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा त्याच्या बसलेल्या गालांकडे नीट पाहिलं. "भीती वाटते?"

"हाताची अशी दशा झाली," शालिकराम म्हणाला. "तोंडात तोच माल दिवसभर ठेवाचा म्हणजे..."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "ऐका. कातडीचं काम बाहेरच्याला बाहेर ठेवणं. तोंडाचं तसं नाही. दिवसभर तिखट, आंबट, गरम, काय काय आत येतं. प्रत्येकाशी भांडण काढलं तर माणूस जेवेल कसा? म्हणून तोंडाचं अस्तर बरंच सोसतं. लाळही धुऊन नेते. हाताला जे चालत नाही ते तोंडाला चालल्याचं मी पाहिलंय."

"म्हणजे काई होनार नाई?" गोपिकेने विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही. क्वचित तोंडही सुजतं. जीभ, घसा सुजला तर श्वासाचं अवघड होतं." गोपिकेने पदराचं टोक मुठीत धरलं. "म्हणून पहिल्यांदा घालाल ती इथे, माझ्यासमोर. घरी नाही. आणि कवळी भरपूर शिजवा."

दुपारी मुळमुळे डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण दवाखाना चालवायचा होता.

"येत्या सोमवारपासून नवा कारागीर येऊन राहिला. ओमप्रकाश. जबलपूरचा आहे," ते म्हणाले. "तुला मी काढत नाही, शालिक. बाहेरच्या टेबलावर बस. पेशंटची नावं घे, त्यांना समजावून सांग. पण बाबा, दातांच्या दवाखान्यात दारातच बोळका माणूस बसला तर लोक काय म्हणतील?"

"हो जी."

"दात बसव. नाहीतर मला दुसरं कुणी पाहावं लागेल."

शालिकराम मागच्या खोलीत गेला. स्वतःच्या कवळीचे दात त्याने मेणात केव्हाच लावून ठेवले होते. मेण हाताला काही करत नसे. वरचा-खालचा दोन्ही साचे तयार होते, गोळा तेवढा भरायचा राहिला होता. त्याने बाटलीचं बूच काढलं. उग्र वास नाकात शिरला आणि त्याची बोटं वाटीवरच थबकली.

डबा घेऊन आलेली गोपिका दारातून पाहत होती. तिने डबा खाली ठेवला.

"सरका."

"तू नको. तुह्या हाताले काई झालं तं?"

"एका डावानं काई होत नाई. चमचा द्या. कसं करू ते सांगा."

"हात नको लावू. चमच्यानंच फिरव. वरून हा कागद घे."

तिने वाटीत घोटायला सुरुवात केली. आधी ओल्या वाळूसारखं झालं, मग दोरे सुटायला लागले. शालिकराम हात पाठीमागे धरून उभा होता. खालच्या माणसाने वर चढणाऱ्याकडे पाहावं तसा तो तिच्या मनगटाकडे पाहत होता. "आता," तो म्हणाला, आणि तिने कागदात धरून तो गुलाबी गोळा दोन्ही साच्यांत दाबला. लगेच त्याने तिला मोरीवर नेऊन साबणाने दोनदा हात धुवायला लावले. डब्या उकळत राहिल्या. एरवी उतरवायची वेळ झाली तरी त्याने त्या उतरवल्या नाहीत. पाणी आटलं की गोपिका नवं ओतत होती. निघालेली कवळी मुळमुळ्यांनीच घासून दिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ट्रेमध्ये इंजेक्शन भरून ठेवलं. शालिकरामने ते पाहिलं आणि मग कवळी हातात घेतली.

"घाला."

त्याने आधी खालची बसवली, मग वरची. तोंड एकदम भरलं. जीभ कुठे ठेवावी ते कळेना. थोड्या वेळाने हिरड्या गरम वाटायला लागल्या. मग घसा आवळल्यासारखा झाला. त्याने गोपिकेचा दंड पकडला.

"मॅडम! पाहा वो याइले!"

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च आत मारली. जीभ दाबून पाहिली, नाडी धरली. 

"सूज नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हे घाबरल्याचं आहे. हळू श्वास घ्या. पण अजून झालं नाही. असल्या गोष्टीचा राग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो. वॉर्डात राहा."

तो वॉर्डात राहिला. गोपिका खाटेखाली चटई टाकून पडायची आणि दर थोड्या वेळाने उठून, "आ करा पाहू," म्हणायची. तो आ करायचा. तिला काय पाहायचं ते माहीत नव्हतं, तरी ती पाहायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं खाजायला लागली. कवळी धरली होती तीच. संध्याकाळपर्यंत त्यांवर फोड उठले. ते बघून गोपिका रडायलाच लागली. "बोटं अशी झाली, आता तोंडाचंही असंच होनार."

तिसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्याच्या तोंडातली कवळी काढून ठेवली आणि ओठ उलटून हिरड्या बघितल्या. कडेला एका जागी घासून जरा लाल झालं होतं, तेवढंच. बाकी तोंड स्वच्छ गुलाबी होतं.

"तोंडाने घेतलं," त्या म्हणाल्या. मग त्याची बोटं उलटून पाहिली. "हातांनी नाही. घालता-काढताना कापड वापरा. आणि त्या खोलीत जाऊ नका."

"कधीच?"

"कधीच."

सोमवारी शालिकराम इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या टेबलाशी बसला. दोन्ही हातांना पातळ पट्टी होती, म्हणून नावं लिहायला मुळमुळ्यांनी पेन्सिलीला कापड गुंडाळून दिलं होतं. कामठीहून आलेल्या एका म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"बाबू, तुह्ये दात खरे का बसवलेले?"

"बसवलेले, मावशी."

"दुखत नाई?"

"पयले दोन दिवस जड वाटते. मंग तोंड समजून घेते."

म्हातारी हसली. आत ओमप्रकाशने स्टोव्ह पेटवला आणि पडद्याखालून तो उग्र वास बाहेर आला.

"काका, मोम कहाँ रखा है?"

शालिकराम उठला. सवयीने पडद्यापर्यंत गेला. पट्टी बांधलेला हात पडद्याच्या कडेपाशी पोहोचला आणि तिथेच थांबला.

"खिडकी के नीचे," त्याने बाहेरूनच सांगितलं. "बाएँ हाथ को."

मग तो खुर्चीवर परत आला आणि त्याने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.