शेजारची सीट

स्क्रूड्रायव्हर गाडीच्या दरवाजाखालच्या पट्टीत असा घुसला, जणू तो पत्रा नव्हता, भिजलेला पुठ्ठा होता.

"लागलं का?" बायकोने शेडच्या दारातून विचारलं.

"पत्र्याला."

"मग ठीक."

गाडी एकवीस वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. कोपऱ्यावरचा डेंटर येऊन, वाकून, खाली बघून गेला होता. "काका, गंजाने गाडी थांबत नाही. तळाला एक पत्रा टाका, काकूंना बसवा आणि जाऊन या. चाळीस किलोमीटर तर आहे."

"पायाखाली रस्ता दिसतो," ते म्हणाले.

"मला आवडतो बघायला," बायको म्हणाली.

पण माणूस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला. एकतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. वसाहत त्यांना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणायची, बायको तोंडावर. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: बरोबर, आणि परत पाठवा.

बायकोला ताईकडे, तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. एकदाच. डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या होत्या आणि "आता त्यांना हवं ते करू द्या" असं सांगितलं होतं. याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता आणि कोणी कोणाला सांगत नव्हतं. ताईचे गुडघे गेलेले, तिला येणं शक्य नव्हतं.

"बाबा, मी टॅक्सी ठरवते," लेक फोनवर म्हणाली.

"घरची गाडी असताना?"

"घरची गाडी निम्मी उघडून पडलीय."

"दहा दिवसांत होते."

तळ कापून नवा पत्रा जोडायचा म्हणून शेजारची सीट काढावी लागली. चार बोल्ट. ती त्यांनी शेडमध्ये चार विटांवर ठेवली, अर्थात लेव्हल बघून. दुसऱ्या दिवसापासून बायको दुपारी शाल गुंडाळून तिच्यात येऊन बसू लागली. घरातल्या एकाही खुर्चीत तिची पाठ टेकत नव्हती. ही सीट तेवढी पाठीला ओळखत होती.

ते तारेच्या ब्रशने घासायचे आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत प्रवास करायची.

"हळू. पुढे वळण आहे."

"घासतोय मी."

"वळणावर हॉर्न द्यावा माणसाने."

संध्याकाळी ते हत्यारं पुसायला लागले की ती विचारायची, "पोचलो का?"

"अजून नाही."

गंजाचं असं असतं की रुपयाएवढा डाग खरवडायला घ्यावा तर हाताशी ताटाएवढं भोक येतं. त्यांनी कापलं, डेंटरकडून वेल्डिंग करून घेतलं, खड्ड्यांत लांबी भरली, म्हणजे तो राखाडी लगदा. पाणी लावून कागदाने घासली, बोट फिरवून बघितली, नापास केली, पुन्हा भरली. दरवाजाची खालची कड सगळ्यात जास्त गेली होती. बायकोच्या शालीचं टोक वर्षानुवर्षं तिथेच अडकायचं. हे नुसतं ओरडायचे, "शाल आत घे!" निरोप द्यायला आलेली ताई मात्र काठी बाजूला ठेवून वाकायची, टोक आत सारायची आणि मगच दार लावायची.

दहा दिवस झाले, मग वीस. एका गुरुवारी प्रायमर मारून ते मागे वळले तर बायको केस विंचरून, पायात बूट घालून उभी.

"आज बरं वाटतंय. सीट लावा, जाऊया."

"प्रायमर ओला आहे. वर रंगाचे दोन हात. रविवारी नक्की."

"रंगाकडे कोण बघणार आहे?"

"मी."

ती सीटवर बसली आणि बुटांचे बंद सोडू लागली. बराच वेळ लागला. "तुमचा प्रायमर वाळेपर्यंत मी वाळून जाईन हं, मिलिमीटर."

दोघंही हसले. विनोद चांगला होता. त्यांनी तो त्याच दिवशी लेकीलाही फोनवर सांगितला. ती का हसली नाही, ते त्यांना कळलं नाही.

शनिवारी पहाटे बायको गेली. रंगाचा एक हात झाला होता.

दुसरा हात त्यांनी महिन्याने मारला. डेंटरने तळवा फिरवून पाहिला. "काका, कंपनीतून आल्यासारखी. जोड कुठेय तेच सापडत नाही."

त्यांनीही तपासलं. खरंच सापडत नव्हता. गाडी बरोबर होती, आणि परत पाठवायचं म्हटलं तरी ते कोणाकडे, हे त्यांना सुचेना.

"सीट लावून देऊ?" डेंटरने विचारलं. "अर्ध्या तासाचं काम."

"राहू दे."

"आणि लावणार कधी?"

"तिथे बरी आहे," विटांकडे बघत ते म्हणाले.

रविवारी ते एकटेच निघाले. अर्ध्या वाटेवर वळण लागलं तेव्हा वेग कमी करून त्यांनी हॉर्न दिला. समोर कोणीही नव्हतं.

ताई काठी टेकत फाटकापाशी उभीच होती.

"आलात."

"हो. झाली गाडी."

ताई सवयीने पलीकडच्या बाजूला गेली आणि तिने दार उघडलं. आत सीट नव्हती. नुसता काळाभोर, चकचकीत तळ आणि त्यात बोल्टची चार भोकं, अचूक चौकोनात.

"तळ छान केलात," ती म्हणाली.

"आता रस्ता दिसत नाही," ते म्हणाले.

ताईने काठी गाडीला टेकवून ठेवली. गुडघ्यावर हात देत ती वाकली, दरवाजाच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवली, तिथे नसलेलं काहीतरी अलगद आत सारलं आणि मगच दार लावलं.