सलोनी चुकीच्या बाकाकडे निघाली तेव्हा

सलोनी बर्फावरून उठली, हेल्मेट सारखं केलं आणि विश्रांती घ्यायला थेट समोरच्या संघाच्या, टिलबर्गच्या खेळाडूंच्या बाकाकडे निघाली.

प्रेक्षकांत हशा पिकला. टिलबर्गच्या पोरांनी हॉकीच्या स्टिका आपटून तिचं स्वागत केलं. तिनेही हात उंचावला, वळली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. वरच्या रांगेतला हरीश देवस्थळी मात्र हसला नाही. आत्ताच कोपऱ्यात एक मुलगा तिच्या अंगावर पडला होता आणि तिचं डोकं कडेच्या फळीवर आपटलं होतं. बाकीच्यांनी तेव्हा ती रबरी चकती कुठे गेली ते पाहिलं. हरीशचं काम चकती बघण्याचं नव्हतं, पोरं बघण्याचं होतं.

आठवडाभर तो आइंडहोवनच्या एका कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांची थरथर मोजायचा आणि शनिवार-रविवार मुलामुलींच्या एकत्र ज्युनियर लीगचे आइस हॉकीचे सामने बघत हिंडून राष्ट्रीय शिबिरासाठी मुली हेरायचा. काम बिनपगारी, फार तर रिंकवरची पाणचट कॉफी फुकट. पुण्यात लहानपणी तो चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळला होता. ती हौस इथल्या बर्फावर पुन्हा उफाळून आली. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं."

घर म्हणावं असं घर होतं ते त्याचा मित्र प्रताप आणि त्याची बायको नीलांबरी यांचं. रविवारचं जेवण तिथेच, आणि नीलांबरी त्याचं ताट न विचारता मांडायची. त्यांच्या सलोनीला पहिल्यांदा बर्फावर उभं केलं तेही हरीशनेच. प्रताप तेव्हा कठडा घट्ट धरून "अगं पडशील, पडशील" करत होता. आता दसऱ्याला त्या घरी लॅपटॉपच्या शेजारी सलोनीच्या स्केट्सनाही हळदकुंकू लागायचं, आणि तो मान हरीशचा असायचा.

मुलगी घरोब्यातली आहे हे त्याने निवड समितीच्या रूडला आधीच सांगून टाकलं होतं. "मग तू तिच्याशी जास्तच कडक वागशील," म्हणून रूडने विषय संपवला. खोटं नव्हतं ते. मागच्या दोन्ही हंगामांत हरीशने तिची शिफारस केली नव्हती, कारण पोरगी चकतीकडे बघत, मान खाली घालून पळायची. यंदा मान वर होती. या वेळी तिचं नाव द्यायचं, हे त्याने पहिल्याच सत्रात ठरवून टाकलं होतं. फक्त कुणाला बोलला नव्हता. शिबिर पुढच्या आठवड्यात होतं आणि पुढच्या वर्षी सलोनी त्या वयोगटात बसणार नव्हती.

मध्यंतर झालं. हरीश खाली उतरला आणि कपडे बदलायच्या खोल्यांपाशी थबकला. बोळात प्रताप सलोनीचे दोन्ही खांदे धरून उभा होता. तिची प्रशिक्षक मार्लीस शेजारीच पाण्याच्या बाटल्या भरत होती.

"बाबा, मला डबल दिसते. सगळा डबल."

एरवी मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर देणारी ही पोरगी आज मुद्दाम मराठीत बोलत होती.

"शूऽ. एकच सत्र राहिलंय," प्रताप म्हणाला. "मार्लीसने विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायचं आणि हसायचं. हरीशकाका वर बसलाय ना, तो बघतोय. मग घरी जाऊन झोप हवी तेवढी."

मार्लीसने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. तिला वाटलं, बाप लेकीला धीर देतोय. बापलेक आणि हरीश सोडले तर तिथे मराठी कळणारं कुणी नव्हतं.

"प्रताप," हरीशने हाक मारली.

प्रताप चपापला, मग हसला. "अरे, तू होय! किरकोळ आहे रे. जरा धक्का बसलाय."

"ती समोरच्यांच्या बाकाकडे चालली होती."

"गोंधळली. तू ऑफिसात कधी चुकीच्या मजल्यावर उतरला नाहीस?"

"डोकं परत आपटलं तर काय होतं, माहितीये ना तुला?"

"मला सगळं माहितीये!" प्रतापचा आवाज चढला, मग त्याने तो आवरला. "इतकी वर्षं काळोखात उठून हिला मी आणतोय. तिच्या नावाचा नीट उच्चारसुद्धा येत नाही ह्या लोकांना. एकदाच चान्स आलाय रे. तू घरचा ना? मग घरच्यासारखा वाग की."

"काका, प्लीज," सलोनी म्हणाली. "सांगू नको. मला नाही दुखत."

हे म्हणताना ती हरीशकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

हरीशला गप्प बसणं किती सोपं होतं! वर जाऊन बसायचं, एवढंच. ती शिबिराला गेली असती, त्याच्याच शिफारशीवर. प्रतापइतकंच त्यालाही ते हवं होतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःची भीती वाटली. तो वळला आणि आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मार्लीसला सगळं सांगून मोकळा झाला.

मार्लीसने बाटली खाली ठेवली. सलोनीपुढे बोट धरलं, इकडून तिकडे नेलं, दोन प्रश्न विचारले आणि तिचं हेल्मेट स्वतःच्या हाताने काढून घेतलं. आज खेळ बंद, लगेच डॉक्टर, आणि पुढचे काही आठवडे बर्फावर पाय नाही. शिबिराचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

"वा," प्रताप म्हणाला. "छान केलंस."

तेवढ्यात सलोनी कचऱ्याच्या डब्यावर वाकली आणि भडाभडा ओकली. प्रतापचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिची पाठ चोळली, तिला बाकड्यावर बसवलं आणि गाडीची किल्ली शोधत खिसे चाचपू लागला. किल्ली हातातच होती.

"गाडी दाराशी आणतो," तो म्हणाला. दोन पावलं जाऊन थांबला, पण मागे वळला नाही. "उद्या जेवायला येऊ नकोस, हरीश. नीलूला मी सांगतो काय ते."

हरीशने मान हलवली. प्रतापने ती पाहिली नाही.

मार्लीस डॉक्टरांना फोन लावत होती. सलोनीच्या पायांत अजून स्केट्सच होते आणि तिला वाकता येत नव्हतं. हरीश फरशीवर गुडघे टेकून बसला आणि तिच्या नाड्या सोडू लागला. त्या ओल्या होऊन आवळल्या होत्या. दात लावावेसे वाटले त्याला.

"का सांगितलं, काका?" तिने विचारलं. आता ती रडत होती.

आज तुझंच नाव देणार होतो, हे शब्द त्याच्या तोंडाशी आले. त्याने ते गिळले. ते ऐकून पोरीला बरं वाटलं नसतं, बरं वाटलं असतं ते त्याला.

"डोकं दुखतंय खूप?"

"हो."

त्याने एक स्केट काढला, मग दुसरा. तिचे बूट पुढे सरकवले, एकेक पाय आत घालून दिला. बाहेर प्रतापने हॉर्न वाजवला. उठताना सलोनीने सवयीने हरीशच्या खांद्यावर हात टेकला. मग तो काढून घेतला, आणि भिंत धरून चालू लागली.